घडीवाल्या भाऊंचे ग्रह

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. पहिली वेलांटी कुठं द्यायची आणि दुसरी कुठं, हे मला चौथीतही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. जोडाक्षर आलं की हात अडखळतो, ओळ खाली घसरते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलं तर त्याने शुद्धलेखन पोटात घालावं आणि मजकुराकडे पाहावं. मजकूर घडीवाल्या भाऊंचा आहे, आणि तो चांगला आहे.

गडचांदूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. मागच्या अंगणात माझी खाणावळ आणि रस्त्याकडच्या खोलीत भाऊंचं दुकान. आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात, म्हणून ते घडीवाले भाऊ. त्यांची बायको लवकर वारली होती, दोघी मुली लग्न होऊन राजुऱ्याला गेल्या होत्या. भाऊ दुकानातच झोपायचे आणि दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचे. पन्नाशीचे असतील. दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात घड्यांचे स्क्रू पिळायचे चार पेचकस, आणि डोळ्याला घडीवाल्यांची ती काळी काच. ती काच ते काढायचं विसरत. एकदा तशीच लावून भाजीबाजारात गेले तर भाजीवाली म्हणाली, "काऊन भाऊ, वांग्यातली अळी बाहेरूनच पाहून राह्यले का?"

भाऊ माणसाला तोंडावरून ओळखत नसत, मनगटावरून ओळखत. गिऱ्हाईक दारात आलं की आधी हाताकडे पाहायचे आणि म्हणायचे, "या, सासऱ्याची घडी. कशी चालते?" सिमेंटच्या कारखान्यातले एक मोठे साहेब म्हणजे "काच तडकलेले" आणि पोस्टमन म्हणजे "रोज दहा मिनिटं मागं". माझ्या हातात कधी घडी नव्हती, त्यामुळे मला काय म्हणावं हे त्यांना सुचेना. शेवटी नुसतं बाई म्हणू लागले.

दुकानात भिंतभर घड्या टांगलेल्या आणि प्रत्येकीत वेगळी वेळ. जी घडी जी वेळ घेऊन दुकानात आली, ती वेळ ते दुरुस्ती होईपर्यंत बदलत नसत. कोणी रस्त्यावरून विचारलं, "भाऊ, किती वाजले?" तर आतून आवाज यायचा, "कोणाचे?"

मी तेव्हा फार लाजायची. जेवायला येणाऱ्यांशी बोलायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. ताट ठेवायचं, भात वाढायचा आणि आत निघून यायचं. कोणी भाजी चांगली झाली म्हटलं तरी मी दारामागून मान हलवायची, ती त्याला दिसायचीही नाही. आमचे मालक चुनखडीचा ट्रक चालवायचे आणि त्यांची जीभ ट्रकच्या भोंग्यासारखी. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "इले देवानं तोंड फक्त मीठ चाखाले देलं हाये."

भाऊंशी मात्र मी बोलायची. त्याचं कारण भिंत. माझी चूल आणि त्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि तिच्यात हातभर खिडकी. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. पाठीशी बोलायला लाज वाटत नाही.

मग असं झालं की बाजारात सेलवर चालणाऱ्या स्वस्त घड्या आल्या. बंद पडली की लोक फेकून देऊ लागले. भाऊंच्या दुकानात नुसत्या लोकांनी परत न नेलेल्या घड्या उरल्या. एक दिवस ते खिडकीकडे पाठ करूनच म्हणाले, "बाई, आता कंप्युटर घेतल्याबिगर जमत नाई. बिलं टाइप करीन, अर्ज करीन. आणि पोट्टे लोक तासावर गेम खेळतात, चंदरपूरले पाहून आलो. तासाचे पैसे देतात."

"मंग घ्या," मी म्हटलं.

"घेतो. पैसे तुम्ही द्या."

माझी भिशी लागली होती. ते पैसे मी पत्र्यांसाठी ठेवले होते. अंगणावर छप्पर नव्हतं. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जायचे, आणि ताटात भात वाढून वरण आणेपर्यंत भातावर धुळीचा थर बसायचा. माणसं हाताने पान झाकून जेवायची. पत्रे बसले असते तर कारखान्यातले सगळेच शिकाऊ इंजिनिअर महिनेवारीने जेवायला येणार होते. त्यांनी तसं सांगितलं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि पैसे खिडकीतून दिले. पाऊस लागायच्या आधी तासाच्या पैशांतून फेडीन, असं भाऊ म्हणाले. मालकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलं केलं. आता पानकळ्यात छत्र्या वाढत जा लोकाइले."

पैसे घेतले त्याच दिवसापासून भाऊंनी माझ्याकडचं जेवण बंद केलं.

मला वाटलं आजारी आहेत. विचारलं तर म्हणाले, "नाई बाई. ज्याचं देणं आहे त्याच्या घरी मी जेवत नाई. अब्बांचा नियम आहे. देणेकरी जेवाले बसला तं वाढणारा वरण पातळ वाढते."

"मी काऊन पातळ वाढीन?"

"तुम्ही नाई वाढणार. पण मले पातळ लागन."

आणि खरंच, त्या दिवसापासून चिवडा, केळी, टपरीवरचा चहा आणि पाव यावर माणूस राहू लागला. मी खिडकीत झाकून वाटी ठेवायची. ती तशीच झाकलेली परत यायची. ईदला मात्र त्यांच्या मुलीकडून आलेला शीरखुर्मा मला खिडकीतून मिळाला. द्यायला नियम आड येत नव्हता, घ्यायला येत होता.

कंप्युटर चंद्रपूरहून आला. भाऊंना बस लागते. गडचांदूरहून निघाले की गडचांदूर संपायच्या आत उलटी होते. म्हणून ते नाकाशी लिंबू धरून गेले आणि कंप्युटरच्या खोक्यावर डोकं टेकून आले. दुकानदाराने मशीनसोबत खेळाची एक सीडी दिली होती. गोंधळ तिथंच झाला.

मी खिडकीतून पाहिलं तर पडदा सगळा काळा आणि त्यात बारीक बारीक ठिपके. भाऊंनी समजावलं. एकेक ठिपका म्हणजे तारा, त्याच्याभोवती ग्रह. सुरुवातीला आपल्याजवळ एकच ग्रह असतो, एखाद्या गावासारखा. तिथं माणसं राहतात, धान्य पिकतं, जहाजं बनतात. जहाज पाठवून दुसऱ्या ग्रहावर वस्ती टाकायची, मग तिसऱ्यावर. दुसऱ्या ताऱ्यांवर दुसऱ्या जातीचे लोक असतात, कोणी दगड खाणारे, कोणी झाडासारखे. त्यांच्याशी दोस्ती करा, व्यापार करा नाहीतर लढा. आपली चाल झाली की त्यांची. घाई नाही, कोणी मागे लागलेलं नाही. भाऊ म्हणाले, "बाई, ही तं घडी आहे. फक्त लई मोठी."

त्याच खेळाची आणखी एक सीडी निघाली होती. ती टाकली की जुन्याच खेळात नवे तारे, नव्या जाती येतात. भाऊ त्याला इंग्रजीतला मोठा शब्द म्हणायचे. मला तो जमेना. मी म्हटलं, "म्हणजे पहिलं जेवण झालं की वरून वाढते, तसं?" भाऊ पाठीनेच हसले. तेव्हापासून तो शब्द गेला आणि आमच्यात त्या सीडीला वाढप म्हणू लागले. "वाढप आलं बाई, चंदरपूरले वाढप आलं!" आणि लिंबू घेऊन बसस्टँडकडे.

मी म्हटलं, आता तासाचे पैसे सुरू होतील. पण भाऊ कोणाला खेळू देईनात. पोरं दारात आली की म्हणायचे, "अभी खोललेला आहे." त्यांना कळलं होतं की या खेळाचंही मागचं झाकण उघडतं. आत फायली होत्या, फायलींत साध्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: जहाजाला किती खर्च, माणसाला किती भूक, कोण कोणाला काय म्हणतो. ते बदललं की खेळ बदलतो. घडीवाल्याला झाकण उघडता येतं हे एकदा कळलं की मग तो काटे पाहत बसत नाही. टेबलावर पेचकस तसेच पडलेले आणि भाऊ डोळ्याला काच लावून पडद्याला नाक टेकवून बसलेले.

आधी त्यांनी ताऱ्यांची नावं बदलली. एका ताऱ्याचं पोंभुर्णा केलं, माझ्या माहेरासाठी. दूरच्या, वाघासारख्या जातीच्या ग्रहाचं मोहर्ली, कारण आमच्याकडे वाघ त्याच गावाजवळ दिसतात. दगड खाणाऱ्यांना चुनखडीवाले म्हटलं आणि दगडाच्या जागी त्यांना भात लिहिला. मग त्यांना वाटलं, नाव आपलं आणि बोलणं इंग्रजी, हे बरोबर नाही. कंप्युटरला आपली अक्षरं जमत नव्हती, म्हणून अक्षरं इंग्रजी ठेवली आणि बोली आमची. पण भाऊंच्या घरची भाषा वेगळी. आमच्या बोलीत कोण कधी काय म्हणतं हे त्यांना विचारावं लागायचं. आणि विचारायला खिडकी होती.

"बाई, जरा सुनो. न बोलावता कोणी दारात आलं तं तुमची सासू काय म्हणते?"

"काऊन आले, म्हणते."

"तोंडावर?"

"तोंडावर नाई. तोंडावर म्हणते, जेवूनच आले असान नं?"

ठक ठक ठक, भाऊंनी लिहिलं. तेव्हापासून परक्यांचं जहाज आपल्या हद्दीत शिरलं की खेळ म्हणायचा, जेवूनच आले असान नं?

"आणि दोस्ती तोडायची असली तं? सीधा सांगता?"

"सांगते कायले? लग्नाचं बोलावणं देत नाई. समजते त्याले."

ठक ठक ठक. करार मोडला की पडद्यावर यायचं: लग्नाचं बोलावणं आलं नाई. ग्रहावरचं धान्य संपलं की, गंजात काई नाई; भाताच्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. नवीन शोध लागला की, जमलं बाप्पा! आणि लढाईला, आता पाहूनच घेतो तुले. हे शेवटचं मी नाही सांगितलं, ते आमच्या मालकांनी ट्रक मागे घेताना दिलेलं वाक्य भाऊंनी रस्त्यावरून उचललं.

भूकही मी बदलवली. मी बोलता बोलता म्हटलं की खाणीतले लोक बाबू लोकांच्या दुप्पट भात खातात. भाऊ थांबले. म्हणाले, "असं? खेळात तं सारे सारखे खातात." आणि चुनखडीवाल्यांची भूक दुप्पट केली, भात पिकायचा तेवढाच. मग चुनखडीवाले पटापट उपाशी मरू लागले. दोन दिवस भाऊंचं तोंड उतरलेलं. शेवटी त्यांच्या शेजारी एक भाताचा ग्रह टाकला तेव्हा माणसाला चैन पडली.

स्वतः खेळताना भाऊ लढत नसत. शत्रूची जहाजं आली की त्यांना धान्य द्यायचे, शोध द्यायचे, काहीही द्यायचे. मी विचारलं, असे तर तुम्ही हरता. म्हणाले, "बाई, जहाज तुटलं की दुरुस्त कोण करन? मीच नं?" तुटलेली वस्तू पाहवत नसे, एवढंच कारण.

एक दिवस त्यांनी विचारलं, "एखादी वस्ती परवडत नसली, माणसं उठवून गाव बंद करायचं असलं, तं बटनावर काय लिहू? बंद करा?"

"बंद नाई म्हणू भाऊ," मी म्हटलं. "दुकान बंद केलं म्हणते का कोणी? वाढवलं म्हणते. दिवाही विझवत नाई, वाढवते. वाढवा लिहा."

भाऊ खूश झाले. "सही आहे! अब्बा भी रोज शामको बोलते थे, चलो दुकान बढ़ाओ." आणि लिहिलं. त्यांनाही त्यात वेगळं काही वाटलं नाही, मलाही नाही.

असं करता करता पाऊस लागला. भाऊंच्या कंप्युटरने एक पैसा मिळवला नव्हता. अंगणात मी खरंच जुनी ताडपत्री बांधली; ती मध्ये पोटासारखी फुगायची आणि कोणाच्या तरी ताटात रिकामी व्हायची. मालक रोज जेवताना वर पाहायचे आणि म्हणायचे, "घडीभाऊंच्या एखाद्या ग्रहावर पत्रे मिळते का पाहा वो." भिंतीपलीकडे ठक ठक थांबायची. मला मालकांचा राग यायचा आणि भाऊंचाही. पत्र्यांचा विषय मी खिडकीतून कधी काढला नाही. वाटी मात्र रोज झाकलेलीच परत यायची. माणूस वाळत चालला होता. शर्टाच्या खिशातले पेचकस आता खाली लोंबायचे.

शेवटी पाऊस सरता सरता भाऊंनी सांगितलं, झाकण लावलं. रविवारी पहिला सामना. माझ्याकडे जेवणाऱ्यांपैकी दोन शिकाऊ इंजिनिअर खेळणार होते, एक सांगलीकडचा, उंच, फार बोलणारा. दुसरा चष्मेवाला, पुण्याचा. दोघांनी तासांचे पैसे आधीच दिले, आणि पाहणाऱ्यांनीही बाकावर बसायचे दिले. भाऊंनी ते सगळे एका घडीच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा खिडकीत ठेवला. म्हणाले, "बाई, हे तुमचे. खेळ संपला की घ्या."

मी भाजी चिरत खिडकीशी उभी होते. दुकानात माणूस मावत नव्हतं. पहिला तासभर नुसता हशा. सांगलीवाल्याचं जहाज चष्मेवाल्याच्या हद्दीत गेलं आणि त्याने पडद्यावरचं वाचून दाखवलं, "जेवूनच आले असान नं?" तर आमचे मालकही पोट धरून हसले. सांगलीवाल्याचं राज्य भराभर मोठं होत होतं. मग त्याला ग्रहाच्या खाली ते बटन दिसलं.

"वाढवा! अरे, हे बघ, वाढवायचं पण आहे!" आणि त्याने दाबलं.

खेळाने विचारलं, "नक्की वाढवा?" त्याने नक्की दाबलं.

ग्रह काळा झाला.

"लोड होत असेल," चष्मेवाला म्हणाला.

"मोठा होतोय," सांगलीवाला म्हणाला, आणि दुसऱ्या ग्रहावरही दाबलं. मग तिसऱ्यावर. त्याला वाटलं, सगळे एकदमच मोठे करू. एकेक दिवा जावा तसं त्याचं सगळं आकाश गेलं. शेवटी पडद्यावर फक्त त्याचा पहिला ग्रह उरला आणि खाली आलं, गंजात काई नाई.

"भाऊ! हे काय? माझं राज्य कुठंय?"

"तुम्हीच तं वाढवलं," भाऊ म्हणाले.

"वाढवलं म्हणजे मोठं व्हायला पाहिजे ना!"

"दुकान वाढवलं तं मोठं होते का?"

"होतंच की! आमच्याकडे दुकान वाढवलं म्हणजे शेजारचा गाळा घेतला!"

आता सगळेच बोलू लागले. कोणी म्हणालं फसवणूक आहे, कोणी म्हणालं हा काय खेळ, घडीवाल्याने कंप्युटर खराब केला. सांगलीवाला खरोखर चिडला होता. त्याने उठून खिडकीतल्या डब्याकडे हात केला. "माझे पैसे द्या परत. आणि यांचेही." भाऊंची काच डोळ्याला लावलेली, हात पेचकसांवर. शब्द कोणी सांगितला होता हे ते सहज सांगू शकत होते. नाही सांगितलं.

डबा माझ्या नाकासमोर होता. त्यात माझे पत्रे होते, आणि भाऊंचं जेवण होतं. मी विळी ठेवली आणि म्हटलं, "तो शब्द मी सांगितला."

सांगलीवाला खिडकीत वाकून पाहू लागला. "काकू? तुम्ही बोलता?"

"बोलते." आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून मी बोलतच गेले. "पूजेले नारळ वाढवता नं तुम्ही? तं नारळ मोठा होते का?"

पलीकडून चष्मेवाला आधी हसला. मग बाक हसला, मग दार हसलं. सांगलीवाला डोक्याला हात लावून खाली बसला आणि म्हणाला, "आई गं. आजी म्हणायची. बांगडी फुटली की म्हणायची, वाढवली. मी तेव्हाही विचारायचो, कुठंय मोठी?" आमचे मालक माझ्याकडे असे पाहत होते, जणू ट्रकच बोलू लागला. मी विळी उचलून पुन्हा भाजी चिरायला लागले. वांग्याच्या फोडी काही लहान काही मोठ्या झाल्या.

भाऊ म्हणाले, "चूक आमचीच आहे. इंग्रजी अक्षरात अर्थ कसा समजन? आजच बदलून टाकतो."

"अजिबात नाही!" सांगलीवाला ओरडला. "बदललं तर बघा. पुढच्या महिन्यात नवी तुकडी येतेय. त्यांना कोण फसवणार?"

आणि तसंच झालं. कारखान्यात जो नवा येईल त्याला जुने लोक आधी भाऊंच्या दुकानात आणत. तासाचे पैसे जुन्यांनीच भरायचे, कारण गंमत त्यांना पाहायची असे. नवा माणूस ऐटीत खेळायचा, मागे सगळे श्वास धरून उभे, आणि त्याने ते बटन दाबलं की गल्लीत आवाज जाई, "वाढवलं रे वाढवलं!" मालक तर ट्रक रस्त्यात उभा करून पाहायला येत. भाऊंना हे मनातून पटत नव्हतं. एवढी गावं उठताना पाहून ते तोंड फिरवायचे. सगळं झालं की एकेक वस्ती पुन्हा जागेवर ठेवायचे. पण डबा भरायचा. भरला की खिडकीतून रिकामा व्हायचा, आणि मी पत्रेवाल्याकडे थोडे थोडे पैसे जमा करू लागले.

थोडेच राहिले होते, तेव्हा चंद्रपूरला दुसरं वाढप आलं.

सांगलीवाल्याने बातमी आणली. नवीन सीडीत म्हणे काळी विवरं होती, तारे फुटायचे, कुठल्या कुठे जाणारे रस्ते होते. भाऊ ऐकत होते. त्या दिवशी डबा काठोकाठ होता. उरलेलं सगळं त्यात फिटत होतं. तो डबा खिडकीत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ टपरीवर लिंबू विकत घेताना दिसले. डबा पिशवीत. माझ्याकडे न पाहता बसस्टँडकडे गेले. मालक दात कोरत म्हणाले, "गेले तुझे पत्रे चंदरपूरले."

"त्याइचा पैसा आहे," मी म्हटलं. "आपला झाल्यावर आपला."

पण दिवसभर भाकरी करपत होती. पैशांचं नव्हतं ते. राहिलेले पैसे सहा महिन्यांनी आले असते तरी चाललं असतं. पत्रेवाला ओळखीचा होता. पण भाऊंचं आणखी सहा महिने चिवड्यावर कसं निभणार, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी जेवणारे अंगणात बसले होते तेव्हा भाऊ आले. चेहरा बस लागलेला, पिवळा. ते दुकानाकडून खिडकीशी नाही गेले, गल्लीतून फिरून सरळ अंगणात आले. पैसे घेतल्यापासून त्या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

"आणलं का वाढप?" सांगलीवाला उभाच राहिला.

"नाई."

"का? संपलं?"

"होतं. हातात घेऊन पाह्यलं." भाऊ बाकाच्या टोकाला टेकले. "दुकानवाला म्हणाला, हे टाकलं की जुन्या फायली उडतात. नवीन बोलणं येते, सारं इंग्रजी. बाईनं सांगितलेलं एकही उरत नाई. मी म्हटलं, मंग कायले घेऊ? जेवूनच आले असान नं, हे नवीन ताऱ्यावर कोण म्हणन?"

"म्हणजे तुम्ही चंदरपूरले फक्त उलटी कराले गेले होते?" मालक म्हणाले.

"दोन वेळा," भाऊ म्हणाले. "जाताना एक, येताना एक." आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर धरला. सगळ्यांसमोर, हातात.

मी डबा घेऊन आत जायला वळले तर म्हणाले, "इथीच मोजा बाई. मी हात धुऊन घेतो."

त्यांनी रांजणावर हात धुतले, डोळ्यावरची काच काढून खिशात ठेवली आणि पंगतीत बसले. मी आधी पान मांडलं. भात, वांग्याची भाजी, वरण घट्ट. भाऊ मांडीवर हात ठेवून बसून राहिले, भाताला हात लावेनात. सगळे जेवायचे थांबून माझ्याकडे पाहत होते. एरवी मी मेलेच असते. मी उभ्या उभ्या नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"पूर्ण आहेत भाऊ," मी म्हटलं. "काई राह्यलं नाई."

मग त्यांनी पहिला घास घेतला.